तापीची लाखोली

॥ श्री सूर्यनारायण ॥

आषाढ वद्य ४, शके १८५७. नंदुरबार.

आज सुरतेहून डॉक्टर ठाकोरदासांचे व्ही. पी. पार्सल आले. त्यात निघाले ते :

तापीचा नवा चष्मा, घरासह … रु. ७
उन्हात लावायचा काळा चष्मा … रु. १ आणे ६
डोळ्यांत घालायचे थेंब, बाटली एक … आणे १४
टपाल व व्ही. पी. मिळून … आणे ९
एकूण रु. ९ आणे १३.

या महिन्यात तूप आणायचे नाही.

चष्मा लावून पोर दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, जिनाच्या धुराड्यावर कावळा बसलाय." हे त्याच कापसाच्या जिनात कारकून आहेत, धुराडे रोज दिसते, पण तिला कावळा दिसला याचे आम्हां दोघांना इतके वाटले की ह्यांनी गूळ वाटायला काढला. मी परत डब्यात ठेवला.

डॉक्टर म्हणाले होते तसे लिहून ठेवते. गेल्या दिवाळीत नंबर वजा तीन होता, आता वजा पाच झाला. डोळ्याचा गोळाच मागे मागे लांबत चालला आहे, त्यामुळे आतला पडदा ताणतो. (मी मनात म्हटले, पापडाची लाटी लाटावी तसा.) "बेन, चष्म्याने दिसेल, पण वाढ थांबणार नाही. थांबवायची तर हे थेंब रोज निजताना, आणि मुलगी मोकळ्यावर. लांब बघू द्या तिला." भिंग मुद्दाम अर्ध्या नंबराने कमी दिले आहे, जवळ बघताना डोळ्यावर ताण नको म्हणून. वाचन बंद, लेखन बंद, बारीक शिवण बंद. त्यांच्या कागदावर तिन्हींखाली मी रेघ ओढली आहे.

तापी बारा पुरी. वर्गात पहिली. तिला मॅट्रिक करायची हा माझा हट्ट. मी स्वतः कंदिलाशी नाक लावून मॅट्रिक झाले आणि माझे डोळे अजून सुईत दोरा ओवतात. मग हिच्याच वाट्याला हे का, ते देवाला ठाऊक.

आषाढ वद्य ७

थेंब घातल्यावर डोळ्यांतल्या बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या की बुबुळ उरलेच नाही. उजेड सोसत नाही. जवळचे तर अगदी दिसत नाही. ताटात भाजी कुठली ते वासाने सांगते.

शेजारच्या रेवाबाई ताक मागायला आल्या. त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केले आणि किंचाळल्या.

"तापीनी माय! पोरले काय घालं वं तू? हाऊ त धोतरा शे धोतरा!"

"औषध आहे, रेवाबाई. डॉक्टरांनी दिलंय."

"डाक्टर काय देव शे? मन्हा जेठनी गाय धोतरा खाई ग्यी व्हती, तिना डोया अश्याच व्हयनात. भिताडवर डोकं आपटी आपटी मरी ग्यी."

तापी म्हणाली, "मी भिंतीवर डोकं नाही आपटणार, काकू. मला भिंत दिसते. तुमचं ताक तेवढं दिसत नाही."

रेवाबाई हसल्या, पण जाताना मला उंबऱ्यावर बोलावून हळूच म्हणाल्या, "तू शिकेल शे, बाई. मी अडाणी. पण धोतरा महादेवले वाहतस, पोरना डोयामा नही घालतस."

बाटलीवरचे इंग्रजी वाचले. अॅट्रोपीन. धोतरा असे कुठे लिहिलेले नाही. तरी मन धजत नाही.

आषाढ वद्य १२

शाळेतून नाव काढले. मास्तर घरी येऊन बसले, वर्ष तरी पुरे होऊ द्या म्हणाले. मी डॉक्टरांचा कागद दाखवला. तापी आत भांडी विसळत होती ती विसळतच राहिली. एकच ताट किती वेळ विसळावे.

पुस्तके माळ्यावर टाकली. तिने विचारले, "मग मी दिवसभर करू काय?"

डॉक्टर म्हणाले मोकळ्यावर जाऊ द्या. सांगणे सोपे. बारा वर्षांची मुलगी काळा चष्मा लावून गावाबाहेर उंडारत असली तर उद्या कोण दारात उभे करील? अंगण आहे, तुळस आहे, तेवढे पुरे. लांब बघायचे तर महादेवाचा कळस अंगणातून दिसतो.

श्रावण शुद्ध ९

महादेवाच्या देवळात पुराणिकबुवांना सगळे सांगितले. ते म्हणाले, डोळ्यांचा धनी सूर्यनारायण. त्याला लाखोली वाहा, अखंड अक्षतांची. एक लाख तांदूळ, एकाचेही टोक मोडलेले चालायचे नाही, एकालाही चीर नको. आणि ज्याचे दुखणे त्यानेच आपल्या हाताने निवडायचे. रथसप्तमीला वाहायची.

मला एकदम हलके वाटले. पोरीच्या हाताला काम झाले, तेही देवाचे. डॉक्टरांचेही मोडत नाही. ना वाचन, ना लेखन, ना शिवण.

नवापूरकडचा तांदूळ घेऊन दिवलीबाई आठवडी बाजाराला येते. घरी कांडलेला, म्हणून निम्मा तुटका. तिला म्हटले, "असला नको, अखंड हवा." ती म्हणाली, "बाई, मुसळाला काय कळतंय कोन देवाचा दाना नि कोन पोटाचा?" खरेच आहे. तुटक्या तांदळाच्या कण्या होतील, वाया काही जाणार नाही. घेतला.

श्रावण शुद्ध १३

निवडायला बसवली आणि पहिल्याच दिवशी अडले. "आई, तांदूळ वितळल्यासारखे दिसतात. सगळ्यांचा एकच गोळा." थेंबांनी जवळचे जाते, ते असे.

लाखोलीचा आरंभ केला आहे, मोडता येत नाही. आज रात्री थेंब घातले नाहीत.

श्रावण वद्य २

चार रात्री थेंब नाहीत. बाहुल्या अजून पुऱ्या आकसल्या नाहीत, पण तापीला तांदूळ थोडे दिसू लागले.

श्रावण वद्य १०

प्रत्यक्ष चमत्कार. आज तिने चष्मा काढून ठेवला, ताट उचलून नाकाशी धरले आणि भराभर निवडू लागली. मी चाळून अखंड म्हणून दिलेल्यातला एक दाणा काढून म्हणाली, "ह्याला चीर आहे." मी उजेडात धरला, भिंगातून पाहिला, तेव्हा केसासारखी चीर दिसली. माझ्या शाबूत डोळ्यांना जे दिसत नाही ते तिला दिसते, आणि तेही चष्म्यावाचून!

देवाने हात दिला. थेंब आता फक्त एकादशीला घालीन. त्या दिवशी तांदळाला हात लावायचा नसतोच. बाटलीही पुरेल.

भाद्रपद वद्य ५

पक्ष चालू आहे. तापी सकाळी अंघोळ करून बसते ती दिवेलागणीला उठते. अंगणात उजेड फार म्हणून माजघरात खिडकीशी बसते. शंभराची एक ढिगली करते. मान दुखली तर मधेच ढिगल्यांशी बोलते. "ही पाहा मोडकी, चल कण्यांत." काल एका दाण्याला म्हणाली, "तुला एवढीशी चीर, तरी देवाला चालत नाहीस. मग मला कसं चालवून घेईल रे?"

मी म्हटले असे वेडेवाकडे बोलू नये.

आश्विन शुद्ध १०, दसरा

सोने द्यायला जिनातले लोक आले होते. हे तापीला ओट्यावर घेऊन उभे राहिले. "ते बघ, जिनाच्या घड्याळात किती वाजले?"

"कुठलं घड्याळ, बाबा?"

"धुराड्याखालचं."

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "धुराडं पाडलं का?"

हे हसले नाहीत. आत येऊन मला म्हणाले, "थेंब घालतेस ना?"

"घालते."

"रोज?"

"तुम्ही जिनातले गठ्ठे मोजा. घरातलं मी बघते."

एरवी हे असल्या बोलण्यावर चार टोमणे परत करतात. आज आपट्याची पाने हातात घेऊन नुसते बसले. मला राग आला. आषाढात धुराड्यावरचा कावळा दिसला तेव्हा गूळ काढायला धावले, आता दोन महिन्यांत पोरीने अर्ध्याच्या वर लाखोली केली तर एक शब्द नाही.

नवे भिंग मुळात कमी दिले होते, म्हणून दिसत नसेल. व्रत पुरे झाल्यावर सुरतेला जाऊच. मधे नेले तर डॉक्टर पुन्हा थेंबांचा आग्रह धरतील आणि सगळे खंडेल.

कार्तिक शुद्ध ११

एकादशी. मधल्या बऱ्याच एकादश्यांना राहून गेले होते, आज थेंब घातले. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही तिला तांदूळ नीट दिसेनात. हळूहळू चार-पाच दिवस बुडाले. आता एकादशीलाही नको.

(ही नोंद वद्य पक्षात पुरी केली.)

मार्गशीर्ष शुद्ध ६

रेवाबाई आज समोरून आल्या तर तापी त्यांना म्हणाली, "कोण आहे?" रेवाबाईंना वाटले मस्करी करते.

"तुन्ही सासू शे," त्या म्हणाल्या.

"मग बसा, सासूबाई. सून ताटाला चिकटलीय."

दोघी हसल्या. नंतर रेवाबाई ताटाकडे, मग तापीच्या नाकाकडे बघत राहिल्या. नाकाच्या शेंड्यावर तांदळाचे पीठ लागले होते. मला म्हणाल्या, "पोर ताट वास ली ऱ्हायनी का देखी ऱ्हायनी?"

अडाणी बाई. तिला थेंबही नको आणि व्रतही नको.

पौष शुद्ध १२

आजचा दिवस आनंदाचा.

सकाळी तापी म्हणाली, "आई, डाव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकते. डोळे मिटले तरी चमकते. जास्त चमकते."

मी तिला घेऊन तशीच देवळात गेले. बुवांनी हात जोडले. म्हणाले, तेजाचे दर्शन आहे. मिटल्या डोळ्यांना उजेड दिसणे हे भल्याभल्यांना जन्मभर साधत नाही. या मुलीला लाखोली पुरी होण्याआधीच दिसू लागला.

मी डब्यातला सगळा गूळ वाटला. ह्यांना सांगितले तर म्हणाले, "डॉक्टरांना पत्र टाकू?" मी म्हटले, काय लिहिणार? आमच्या मुलीला देव दिसतो, औषध द्या?

पौष वद्य ३

वीज अजून आहे. आज म्हणते, "आई, काजळी उडतेय. चूल धुरकटलीय का?" चूल विझलेली होती. डोळ्यापुढे माशा फिरल्यासारखे ठिपके दिसतात, हाताने हाकलते. मी तिच्याबरोबर गायत्री म्हटली.

दर्शनाच्या आधी मळ निघतो असे बुवा म्हणतात.

माघ शुद्ध ३

उद्यापरवा शेवटची हजाराची भर पडेल. तापी आज ताट वरखाली करीत होती. विचारले तर म्हणाली, "ताटाचा खालचा भाग कुठे गेला? डाव्या डोळ्याने बघितलं तर खालून पडदा चढलाय. राखाडी."

चष्मा पुसून दिला. ती म्हणाली, "चष्मा काढलेलाच आहे, आई."

मी बोटांवर दिवस मोजले. रथसप्तमीला चार दिवस. एवढे केले, चार दिवसांसाठी मोडायचे? सप्तमी झाली की त्याच दिवशीच्या गाडीने निघू.

तिलाही विचारले. म्हणाली, "पुरी करते. उजव्याने होतंय."

माघ शुद्ध ७, रथसप्तमी

पहाटे अंगणात सूर्याचा रथ काढला, गोवरीवर दूध उतू घातले. उगवत्या बिंबाकडे तोंड करून तापीने लाखोली वाहिली, ओंजळ ओंजळ. एकही दाणा मोडका नव्हता. बुवा म्हणाले, असली लाखोली मी पाहिली नाही.

शेवटच्या ओंजळीला मी म्हटले, "आता वर बघ, नमस्कार कर." ती भलतीकडेच हात जोडून उभी राहिली. ह्यांनी मागून खांदे धरून तिला वळवले.

दुपारच्या गाडीने सुरतेला निघतो आहोत.

माघ शुद्ध ८, सुरत

डॉक्टरांच्या दवाखान्यात सुसाना नावाची परिचारिका आहे, नवापूरची ख्रिस्ती मुलगी, मराठी बोलते. तिने ह्यांचे नाव घेऊन "चुनीलाल यांची तापी" अशी हाक मारली आणि आत नेले. डॉक्टरांनी खोलीत अंधार करून आरशाने डोळ्यांत उजेड टाकला. डाव्यात फार वेळ. मग सुसानाला हळू काहीतरी म्हणाले, तिने लिहून घेतले.

डाव्या डोळ्यातला पडदा मागून सुटला आहे. ताणून ताणून फाटला आणि उतरला. वीज, काजळी, सगळे त्याचेच. "बेन, वीज दिसली त्याच दिवशी आणायला पाहिजे होती." मुंबईला एक शस्त्रक्रिया करून पाहतात म्हणाले, पण इतक्या उशिरा, इतक्या ताणलेल्या पडद्यावर, ते कोणाला आशा लावणार नाहीत. उजवा वजा नऊ. त्याचाही पडदा पातळ झाला आहे.

"सहा महिन्यांत चार नंबर. असं होत नाही, थेंब चालू असताना. रोज घालत होता?"

हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटले, "मधे मधे राहिले."

"जवळचं काम काही?"

"नाही साहेब," मी सांगितले. "शाळा काढली. पुस्तकाला हात लावू दिला नाही. लेखन नाही, शिवण नाही." हे सगळे अक्षरशः खरे आहे.

सुसानाने तापीचा हात हातात घेतला होता. अंगठ्याचे आणि तर्जनीचे टोक पांढरे, घट्टे पडल्यासारखे. तिने विचारले, "मग दिवसभर करतेस काय गं, बेन?"

तापीने माझ्या आवाजाच्या बाजूला तोंड फिरवले. "काही नाही," म्हणाली. "नुसती बसते."

ती खोटे का बोलली कळले नाही. देवाचे काम सांगायला लाज कसली?

दोन्ही डोळे बांधून दिले आहेत. घरी नेऊन उताणी निजवा, मान हलवू देऊ नका, खोकू देऊ नका. पुन्हा प्रवास नको, गाडीचे धक्के उजव्याला सोसायचे नाहीत. काही झाले तर पत्राने कळवा.

माघ शुद्ध १०

घरी. गाडीत तिचे डोके मांडीवर धरून बसले होते. नवापूर गेल्यावर हळूच विचारले, "काल खोटं का सांगितलंस?"

तिने पट्टीखालून उत्तर दिले, "सांगितलं असतं तर ते तुला ओरडले असते."

"का ओरडले असते?"

ती झोपली असे वाटले. झोपली नव्हती.

माघ शुद्ध ११

एकादशी. काही शिजवले नाही.

माघ शुद्ध १४

डॉक्टरांचा आषाढातला कागद काढून वाचला. वाचन, लेखन, बारीक शिवण. हाताने रेघा ओढलेल्या माझ्याच. त्याखाली इंग्रजीत एक ओळ आहे, तिच्याकडे मी तेव्हा लक्ष दिले नव्हते, कारण वर मराठीत सगळे आले असे वाटले होते. तिचा अर्थ : हातभर अंतराच्या आत धरून करायचे कोणतेही काम. मी मॅट्रिकला इंग्रजीत पास झालेली आहे.

बुवांकडे गेले. म्हटले, देवाने डोळा घेतला कसा? ते म्हणाले, कुठेतरी एखादा दाणा खंडित राहिला असेल.

एकही नव्हता. मी ओरडून सांगितले, देवळात, सगळ्यांसमोर, एकही नव्हता. तिने मोडका दाणा जाऊच दिला नाही. रेवाबाई तिथे होत्या. त्यांनी मला दंडाला धरून घरी आणले. दारात म्हणाल्या, "बाई, तोंड धोई ले. पोरले तुन्हा आवाज वयखता येस." पोरीला माझा आवाज ओळखता येतो, खरेच.

आज सूर्याला अर्घ्य दिले नाही. दिवाही लावला नाही. लिहून ठेवते.

माघ वद्य २

सकाळी तापीने हाक मारली. पट्टी बांधलेली, डोळे मिटलेले. "आई, आता उजवीकडे चमकतंय."

हे म्हणाले, लगेच पत्र लिही, मी टपाल निघायच्या आत टाकतो. उजव्याचे तेवढे लिही, बाकी काही लिहू नकोस. आता उगाळून काय?

लिहायला बसले. लेखणीची कुरकुर ऐकून तापी म्हणाली, "आई, ते तांदळाचं नको लिहूस."

पत्र टाकायला दिले आहे, त्याची नक्कल :

"डॉक्टर ठाकोरदास यांस सा. न. वि. वि. आमची मुलगी तापी हिच्या उजव्या डोळ्यात आज सकाळपासून चमक सुरू झाली आहे. ठिपके अद्याप नाहीत. आपण प्रवास नको म्हटले होते, तेव्हा आणावे की निजवूनच ठेवावे, ते कळवावे. दुसरे, मी आपणांस पुरे सांगितले नाही. थेंब मधे मधे राहिले नाहीत. श्रावणात बंद केले, त्यानंतर एखाद्या एकादशीला घातले असतील, आणि कार्तिकापासून मुळीच नाहीत. श्रावणापासून रथसप्तमीपर्यंत ती रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ताट नाकाशी धरून तांदूळ निवडत होती. मी बसवले होते. तिने आपणांस सांगितले नाही ते माझ्यासाठी. तिला दोष देऊ नये. उजव्या डोळ्यासाठी आपण जे सांगाल ते करू, मुंबईलाही नेऊ. आणि तांदूळ निवडणे हे जवळच्या कामात धरतात किंवा नाही, हे मला वाटते मला ठाऊक आहे, तरी आपल्या हातचे, कृपा करून, उलट टपाली कळवावे."